महादूची ताकद

महादू माझ्या दवाखान्यात आला की राम राम नाही, काही नाही, सरळ कोपऱ्यात जायचा आणि औषधं कुटायचा माझा लोखंडी खल उचलून बघायचा. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं तो दोन्ही हातांनी जेमतेम वीतभर उचलला आणि घामाघूम होऊन तिथंच बसला. "ह्यो बगा, बाई, हाल. ह्येच्या दुप्पट वजन म्या दिवसभर खेळवायचो. जरा ताकद द्या की!" जसं काही मी ताकद बरणीत भरूनच ठेवली होती.

शिरोलीत रस्त्याला लागून माझा आयुर्वेदिक दवाखाना. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत माझे निम्मे रोगी एमआयडीसीतल्या फाउंड्रीतले असायचे. महादू तिथंच साचे उचलायचा, वितळलेल्या लोखंडाचं भांडं दुसऱ्या गड्याबरोबर धरून न्यायचा. पाठ दुखायची, म्हणून गेटावरच्या टपरीत रिकाम्या पोटी चहा आणि चहाबरोबर दुखायची गोळी, हा त्याचा कित्येक वर्षांचा नाश्ता. त्यानं पोटात अल्सर झाला, परसाकडला काळी होऊ लागली, अंगातलं रक्त कमी झालं. कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यानं जीव वाचवून घरी पाठवला, तेव्हा चाळिशीचा गडी साठीचा दिसत होता.

मी तोंडाची फटकळ. पहिल्याच दिवशी सुनावलं, "तिथल्या डॉक्टरांचं औषध बंद करायचं नाही. पाठीची गोळी परत तोंडात टाकलीस तर माझ्या दारात उभा राहू नकोस. आणि ताकद ताकद काय लावलंयस? आधी भूक येऊ दे, झोप येऊ दे. ताकद मागनं येते."

"तसं न्हवं बाई," तो खलाकडं बघत म्हणाला, "उचाललं तवाच खरं." हे त्याचं ठरलेलं वाक्य. माणूस, बैल, ट्रॅक्टरची ट्रॉली, सगळ्याला त्याचं हेच एक माप.

जुन्या तांदळाची पातळ पेज आणि वर चमचाभर तूप, इथून सुरुवात केली. ती पचल्यावर मऊ भात, मुगाचं कढण, साळीच्या लाह्या. मग कोहळा, दुधी, भिजवलेल्या काळ्या मनुका, सकाळी मोरावळा, रात्री शतावरी आणि ज्येष्ठमध घालून उकळलेलं दूध. पाठीला कोमट तिळाचं तेल. तंबाखू बंद, चहा बंद, मिरची तर बंदच बंद. आता कोल्हापूरकडच्या माणसाची मिरची तोडायची म्हणजे काय चेष्टा आहे का? "माझी म्हस बी ह्यापरास चवीचं खाती," म्हणून कुरकुरायचा बिचारा. पण खायचा. कारण बायकोनं, सुशीलानं, घरातलं तिखटच हद्दपार केलं होतं. चटणीचा डबा तिनं शेजारणीकडं नेऊन ठेवला आणि स्वतःही त्याच्याबरोबर अळणी जेवली. पाहुणे यायचे आणि नवऱ्याला उपाशी मारतेस काय म्हणून तिलाच बोल लावायचे. ती ऐकून घ्यायची आणि चुलीवरचं कढण ढवळत राहायची.

हळूहळू माणूस भरायला लागला. गालांवर मांस आलं, भूक लागली की सुशीलावर ओरडू लागला. मग एकदा बिनतिखटाचा मटणाचा पातळ रस्सा द्यायला सांगितला, तर वाटी बघून म्हणे डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. पावसाळा सरल्यावर एक दिवस कपाळभर गुलाल लावून आला. जोतिबाचा डोंगर पायी चढून उतरला होता. आत आला, खल एका हातानं उचलून डोक्याच्या वर नेला आणि तसाच धरून हसत उभा राहिला. मला इतका आनंद झाला की मी ओरडले, "अरे ठेव मेल्या, फरशी फोडशील!"

त्याच दिवशी मी त्याला बसवून सांगितलं, ते साचे उचलायचं काम सोड. गेटावर बस, स्टोअरला जा, काहीही कर. त्यानं खरंच जाऊन विचारलं. साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आजारी दिसला असतास तर इचार केला असता. रेड्यागत तर झालायस! जा, साचं उचल." आम्ही दोघींनी एवढा जीव ओतून घडवलेलं ते अंग त्याच्याच विरुद्ध साक्ष द्यायला उभं राहिलं. दुसरीकडं काम बघ म्हटलं, तर त्याला उचलण्यापलीकडं येत काय होतं?

पुढं त्याचं येणं कमी झालं. एकदा मी रिक्षातून जाताना गेटासमोरच्या टपरीवर तो दिसला. एका हातात चहा, दुसऱ्या हाताच्या तळव्यावरची गोळी तोंडाशी. रिक्षा थांबवली आणि भर रस्त्यात त्याला नाही नाही ते बोलले. सगळे कामगार बघत होते. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "बाई, पोट आता गप हाय. पाठ बोलती. बोलंल त्येचंच ऐकाय लागतंय की." मोरावळ्यानं पोट भरून आणता येतं, रोज लोखंड उचलणारी पाठ कशानं भरून आणायची?

पाळीवर असतानाच त्याला रक्ताची उलटी झाली. मी कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात पोचले तेव्हा पांढराफटक पडला होता, पण ओळख होती. मला बघून म्हणाला, "चुकलंच, बाई. आता परत पेजंपासनं चालू करूया." मी "करूया" म्हटलं. त्याच्या हाताला लावलेली सलाईनची बाटली थेंब थेंब गळत होती आणि डॉक्टर माझ्याकडं बघायचं टाळत होते. दुपारी तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर सुशीला दवाखान्यात आली. बाकावर बसली. मी पाणी दिलं, तिनं ते घेतलं नाही. बोलली ती भिंतीकडं बघत, आवाज न चढवता.

"बाई, आपण ह्यास्नी ताकद आणली नसती, तर घरात बसलं असतं. पडून ऱ्हायलं असतं खाटंवर. पर असतं."

एवढं बोलून ती पदर खोचत उठली. खरंच होतं ते.