जिन्यावरची खुर्ची

माझ्या टेबलावर एक जुनं पुस्तक असतं. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत फक्त राहती घरं बांधणाऱ्या एका आर्किटेक्टचं चरित्र. नाशिकला कॉलेजात असताना रद्दीच्या दुकानात मिळालं, ते माझ्याबरोबर कतारला, दोह्यापर्यंत आलं. त्या माणसाने ना राजवाडा बांधला, ना टाऊन हॉल. शिक्षक, डॉक्टर, दुकानदार यांची घरं बांधली. युद्धानंतर कामं आटली तेव्हा कामगारांच्या लहान घरांचे नकाशे काढले, आणि उतारवयात तर नुसती स्वयंपाकघरातली कपाटं. ते शेवटचं प्रकरण मी टाळतो. बावन्नाव्या वर्षी, कंपनीच्या व्हिसावर राहून, ते वाचवत नाही.

त्याची एक सवय मात्र मी उचलली. भिंतींच्या आधी तो कागदावर एक खुर्ची काढायचा. घरातलं कोण सकाळी कुठे बसेल, हे ठरवून मग तिच्याभोवती घर. मीही घरांचे नकाशे करतो, आणि आधी खुर्ची काढतो. ऑफिसात माझी थट्टा होते, होऊ दे.

दोह्याच्या मुऐदर भागातल्या एका व्हिलात मी मालकाच्या आईसाठी खुर्ची काढली, जिन्याच्या वरच्या वळणावर. तिथे उत्तरेला बुटकी, रुंद खिडकी दिली. ऊन नाही आणि उजेड भरपूर. मालक फक्त एवढंच म्हणाला होता, "आईची खोली तळमजल्यावर." मानाची जागा म्हणून असेल, असं मी धरून चाललो. इथे परक्या पुरुषाने कुणाच्या आईबद्दल चौकशा करायच्या नसतात. नकाशा मंजूर झाला, भिंती उभ्या राहिल्या, आणि मी स्वतःवरच खूश होतो.

एका सकाळी साइटवर गेलो. हौसेने बादली पालथी घातली आणि नेमका त्या खुर्चीच्या जागी बसलो. खाली शेजाऱ्याचं अंगण होतं. एक बाई उघड्या केसांनी चहा ओतत होती. मी ताडकन पाठ फिरवली. शेजाऱ्याच्या अंगणात नजर जाता कामा नये, ही इथली पहिली अट. नवखा ड्राफ्ट्समनही अशी खिडकी डोक्याच्या वर नेतो. मी इथे चौदा वर्षं आहे. ऊन तपासलं, वारा तपासला, समोर काय आहे तेवढंच पाहायचं राहिलं.

आमचा सुपरवायझर रत्नागिरीचा. तो म्हणाला, "साहेब, दुधी काच लावून टाकू. झाकली मूठ सव्वा लाखाची." पण खिडकीला कडी असते, आणि एखाद्या सकाळी कुणीतरी ती उघडणारच.

तीन दिवस घास उतरेना. मुलगी बारावीला. नोकरी गेली तर तिचं वर्ष अधांतरी, अल मुंतझा भागातलं हे घर आवरायचं आणि या वयात नाशिकला जाऊन कुणाच्या दारात उभं राहायचं? कपाटांचे नकाशे डोळ्यांपुढे नाचू लागले. शेवटी बायको म्हणाली, "अहो, भीती नोकरीची वाटतेय की त्या बाईची लाज?"

"दोन्ही."

"मग सांगून मोकळे व्हा. घाबरायला सगळा जन्म पडलाय."

मालकाला साइटवर बोलावलं. खिडकीकडे पाठ करून सगळं सांगितलं. माझं इंग्रजी अडखळत होतं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "तू पाहिलंस?"

"क्षणभर. मग पाठ फिरवली."

घाम माझ्या कानामागून वाहत होता. मग तो म्हणाला, "खलास, विषय संपला. उद्या ही खिडकी बंद कर." मी मान हलवली. त्याने नकाशा हातात घेतला आणि त्या खुर्चीवर बोट ठेवलं. "ही कुणाची?"

"तुमच्या आईची. सकाळी बसायला."

त्याने खुर्चीकडे पाहिलं, मग जिन्याकडे. आवाज एकदम खाली आला. "तिचे गुडघे गेलेत. चार वर्षं तिने एक पायरी चढलेली नाही. म्हणून तर खोली खाली मागितली."

पुस्तकात पहिल्याच प्रकरणात लिहिलंय, खुर्ची काढण्याआधी तो जर्मन माणूस त्या कुटुंबाच्या जुन्या घरी जाऊन दोन दिवस नुसता बसून राहायचा. मला ते पान पाठ आहे. मी खुर्ची तेवढी उचलली आणि ते दोन दिवस सोडून दिले. जिच्यासाठी एवढा जीव टांगणीला लावला, ती बाई तिथे कधी पोचणारच नव्हती.

तो जायला वळला. ऑफिसला कळवणार का, हे मला विचारायचं होतं. तीन दिवस तेच वाक्य घोकत होतो. तोंडातून भलतंच आलं.

"आई आता सकाळी कुठे बसतात?"

तो थांबला. "स्वयंपाकघराच्या दारात," म्हणाला. "तिथून फाटक दिसतं. कोण आलं, कोण गेलं, सगळं तिला कळतं."

मी पेन्सिल काढली.