छत्री फिरवायला दोघं लागतात

बाबा गेल्यावर पेणच्या घरातला टीव्ही आणि गच्चीवरची डिशची छत्री मी रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात, भाड्याच्या खोलीवर आणली. वाहिन्यांसाठी दरमहा पैसे भरायचे नाहीत, हे आमच्या घरात ठरलेलं. आकाश कुणाच्या मालकीचं नाही, असं बाबांनी एका पत्रकात छापलंही होतं. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या पत्रकांवरच. फुकट वाहिन्यांतही पुष्कळ चांगलं असतं, फक्त ते शोधावं लागतं.

आणि शोधायला दोघं लागतात. एकाने गच्चीवर छत्री जराशी सरकवायची, दुसऱ्याने टीव्हीसमोरून ओरडायचं. पेणला खाली मी असायचे. इथे कुणीच नव्हतं.

त्याला कारण माझंच पत्रक. धाटावच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांसाठी ते काढलं आणि इमारतीतल्या प्रत्येक दाराखालून आत सरकवलं. त्यातला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही. पण घरोघरी कुणी ना कुणी कंत्राटावरच होतं, आणि माझ्याशी बोलताना दिसलं तर काम जाईल ही भीती. तेव्हापासून जिन्यात भेटलेली माणसं पायांकडे बघत निघून जायची. ज्यांच्यासाठी लिहिलं तेच टाळत होते. दिवसभर राग यायचा. संध्याकाळी तो ओसरला की खोली फार मोठी वाटायची.

एका दुपारी एकटीच छत्री लावायला गेले. थोडी सरकवायची, जिना उतरून बघायचं, पुन्हा वर. पडद्यावर सिग्नल नाही. बऱ्याच फेऱ्या झाल्यावर खालून आवाज आला, "आला गो! आता हात नको लावू."

खाली आले तर समोरच्या खोलीतली बाई माझ्या उघड्या दारात उभी होती. माहेर गडब गावचं, भातशेतीचं. नवरा धाटावला कंत्राटावर. पडद्यावर पूर्वेकडची कुठलीशी वाहिनी होती. भाषा दोघींनाही कळेना. चिखलात वाकून बायका भात लावत होत्या. मी आत बोलावलं, पण ती उंबऱ्यावरच टेकली.

"रोपांची मूठ बघ केवढी धरलीय. आमच्या सासूने हातावर मारलं असतं."

मी हसले. मग ती टीव्हीचं विचारत गेली आणि मी बाबांचं सांगत गेले.

खाली कंपनीची बस थांबली. ती लगेच उठली.

"मी आलेली, ते ह्यांना सांगू नको."

"नाही सांगणार."

"पत्रक वाचलं मी. खरं हाय," ती हळूच म्हणाली आणि आपल्या घरात जाऊन कडी घातली.

जिन्यात पावलं वाजली तसा मी टीव्हीचा आवाज बंद केला. त्या बायका आता बांधावर बसून एकमेकींना जेवण वाढत होत्या.