कप्तानानं बोट दाखवलं ते घर

आमच्या बंबखात्याचा कप्तान क्वा टेक हिन याच्याबद्दल चांगलं बोलायचं तर त्याच्या इस्त्रीपासून सुरुवात करावी लागते, आणि तिथंच थांबावं लागतं. खाकी पँटीला अशी धार की त्यावर मासा चिरावा. खांद्यावर पट्टे, गळ्यात शिट्टी, छातीवर तीन बिल्ले. त्यातला एक रक्तदानाचा, दुसरा शाळेच्या बॅडमिंटनला पंच म्हणून मिळालेला. तिसरा कसला, ते त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही.

हा माणूस कप्तान झाला कसा, हे बाहेरचे लोक विचारतात. आम्ही विचारत नाही. गावात बर्फ आणि डिझेल विकणारा तो एकटा. प्रत्येक होडी त्याच्या धक्क्यावर बर्फ भरते आणि मगच समुद्रात जाते. दर निवडणुकीला देवळासमोर सगळे जमतात, तो खोकतो, आणि हात वर जातात. माझाही जातो. मी पंपवाला बून, माझ्या भावाची होडी आहे, आणि उन्हात मासळी नासायला वेळ लागत नाही.

काम म्हणाल तर आमच्यासारख्या गावात बंबवाल्याला आगी कमी आणि बाकीच्या उचापती जास्त. घरं सगळी चिखलात खांब रोवून त्यावर उभी, रस्ता म्हणजे फळ्यांचा पूल, त्यामुळं बंबाची गाडी नाही. ढकलगाडीवर पंप आहे, तो मी ढकलतो. पाणी खालच्या समुद्रातलंच ओढायचं. भरती असली तर मुबलक, ओहोटी असली तर पंप चिखल पितो आणि माझ्यावर खेकसतो.

दुपारी आम्ही पंपाच्या शेडमध्ये कॉफी पीत बसतो. किम स्वी करवतीला कानस मारत असतो. तो होड्या बांधणारा सुतार, आमच्यातला खरा कामाचा गडी.

"या महिन्यात काय काय विझवलं रे आपण?" एकदा त्यानं विचारलं.

"एक अजगर, गांधीलमाश्यांची दोन पोळी," मी म्हटलं, "आणि वाण्याच्या सुनेच्या बोटात अडकलेली अंगठी."

"अंगठी मी कापली."

"तू कापलीस, फोटो कप्तानाचा आला."

तेवढ्यात कप्तान आत आला, खुर्ची पुसून बसला आणि भाषणाला लागला. "तुम्ही हसता. पण आपलं काम म्हणजे जीव तळहातावर घेणं."

"कुणाचा?" किम स्वीनं कानस न थांबवता विचारलं.

कप्तानाला ऐकू गेलं नाही. त्याला असलं कधीच ऐकू जात नाही.

त्याच्या पदरात तसं एकच खरं काम होतं. लाकडी गावात आग पाण्यानं विझत नाही, जागा मोकळी करून विझते. पेटलेल्याच्या शेजारचं घर गेलं असं समजून सोडायचं आणि त्याच्या पुढचं पाडायचं. खालचे खांब कापले की घर चिखलात बसतं, आगीला पुढं जायला काही उरत नाही. कुठलं पाडायचं, ते कप्तान बोटानं दाखवतो. त्या वेळी त्याच्याशी वाद घालायचा नाही, ज्याचं घर त्यानंसुद्धा नाही. पाडलेलं घर गाव मिळून उभं करून देतं. जळालेलं ज्याचं त्यानं बघायचं. आमच्या आज्यांपासून हे असंच चालत आलंय, कारण वाद घालत बसलेली गावं आज नकाशावर नाहीत.

आग लागली ती चुआच्या कोळंबी उकडायच्या शेडला. भर दुपार, पूर्ण ओहोटी, वारा समुद्रावरून गावाकडं. चुलीशेजारी रचलेलं खारफुटीचं लाकूड पेटलं आणि चुआ ओरडत बाहेर आला तोवर पत्रे वाजायला लागले होते. समुद्राच्या टोकाला ती शेड, तिच्या शेजारी गेकवहिनीचं घर, मग कप्तानाचं, मग मासळी वाळवायचा गेकवहिनीचाच फळ्यांचा ओटा, आणि पुढं सगळं गाव, शाळेसकट.

म्हणजे पाडायचं घर कुठलं, हे पुलावर रांगणारं पोरगंही सांगू शकलं असतं. गेकवहिनीचं गेलं म्हणायचं. पाडायचं कप्तानाचं.

किम स्वीनं तर वाटही बघितली नाही. मी पंपाशी झटापट करत होतो, तेव्हा तो करवत घेऊन कप्तानाच्या घराखाली चिखलात उतरलासुद्धा होता. फक्त बोट दाखवायचं राहिलं होतं, आणि बोटवाला यायचा होता. सगळे पळत आले, हा सगळ्यात शेवटी आला. बटणं लावत होता.

आता त्याचं घर म्हणजे काय, ते सांगतो. गावातलं एकुलतं एक माडीचं घर. खाली टाइल्स, वर एसी, दिवाणखान्यात काचेचं कपाट, कपाटात कप्तानाचे फोटो. गाव बांधून देतं ते फळ्या आणि पत्र्यांचं. टाइल्स गाव देत नाही. हे सगळं त्याच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं, इतकं स्पष्ट की मी पंप सोडून उभाच राहिलो.

त्यानं शिट्टी वाजवली आणि बोट वर केलं. बोट गेकवहिनीच्या घराकडं गेलं.

"हे पाडा."

"कप्तान, शेजारचं सोडायचं असतं," किम स्वी खालून म्हणाला. त्याला वाटलं याची काही चूक होतेय. भला माणूस आहे.

"कप्तान कोण, तू का मी?"

"अरे, तिची मागची भिंत धुमसायला लागलीय," मी ओरडलो. "त्याच्याखाली माणूस कसा घालणार?"

"या वेळी वाद घालायचा नाही. नियम आहे," कप्तान म्हणाला. अख्ख्या जन्मात त्याला हा एक नियम तोंडपाठ झाला होता, आणि तोही अर्धा.

गेकवहिनी दारात उभी होती. पन्नाशीची बाई, कोळंबीचं वाटण करून विकणारी, तिच्या जिभेला घाबरून वाणीसुद्धा वजनात मारत नाही. तिचं घर तसंही वाचणार नव्हतं, पण जळेपर्यंत सामान काढायला थोडी सवड तरी मिळाली असती. तिनं आधी ते बोट बघितलं, मग कप्तानाच्या घराचे चकचकीत खांब बघितले.

"बोट नीट धरा, कप्तान," ती म्हणाली. "हलतंय."

मग ती आत गेली. देव्हाऱ्यातली पूर्वजांच्या नावांची पाटी काखेत मारली, भाताचा कुकर घेतला, नवऱ्याचा जाड कोट घेतला आणि बाहेर आली. बाकीचं मागं राहिलं. हे सगळं तिनं कप्तानाच्याच पडवीत नेऊन ठेवलं आणि त्याच्या पायरीवर बसली.

किम स्वी तिच्या घराखाली गेला. मी त्याला जाऊ नको म्हणालो, आणखी दोघं म्हणाले, पण तोवर वारा वाढला होता आणि काहीतरी पाडायलाच हवं होतं. वरून निखारे गळत होते, खाली तो गुडघाभर चिखलात करवत ओढत होता. शेवटचा खांब कापला गेला तेव्हा मागची भिंत चांगलीच पेटलेली होती. घर बसलं, पण नीट बसलं नाही. तापलेला पत्रा घसरला आणि त्याच्या मानेपासून कोपरापर्यंत चाटून गेला. तो चिखलात आडवा झाला. आम्ही त्याला ओढून काढला, ओला चिखल फासला आणि होडीत घालून शहरातल्या दवाखान्यात पाठवला.

बसलेलं घर चिखलात जळतच राहिलं. आम्ही बादल्यांनी, ओल्या पोत्यांनी, हातांनी चिखल फेकून त्याला तासभर थोपवलं. मग पाणी चढलं, पंपाला घास मिळाला, आणि आग संपली. कप्तानाच्या भिंतीचा रंग तेवढा फोडासारखा फुगला होता.

संध्याकाळी शहरातून वर्तमानपत्राचा माणूस आला. कप्तान माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बून, तुझा कोट दे जरा."

"कशाला?"

"माझा फार स्वच्छ दिसतोय."

मी कोट काढून दिला. नाही म्हणता आलं असतं, पण माझ्या अंगात त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला बघायचं होतं की हा माणूस कुठपर्यंत जातो. तो माझा काळा झालेला कोट घालून, भुवया आवळून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आला. कोट मला अजून परत मिळालेला नाही.

गेकवहिनीचा नवरा समुद्रावरून आला तो आगीच्याच दिवशी, सूर्य मावळताना. रोजच्या खांबाला होडी बांधायला आला, तर खांब नाही. बिचाऱ्यानं होडी दोनदा पुढं नेली, दोनदा मागं आणली. शेवटी कप्तानाच्या पायरीवर त्याला बायको दिसली.

"गेक, घर कुठं गेलं?"

"कप्तानाला हवं होतं," ती म्हणाली. "देऊन टाकलं."

पुढं आठवडाभर शेडमध्ये दुसरा विषय नव्हता. किम स्वी हाताला पट्ट्या बांधून आला, डाव्या हातानं कॉफी प्यायला शिकत होता. डॉक्टरनं सांगितलं होतं की उजवा हात खांद्याच्या वर जाणार नाही. सुताराला हे सांगायचं म्हणजे काय, ते मी लिहीत बसत नाही.

"त्याला काढा," किम स्वी म्हणाला. एवढंच म्हणाला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. काढायलाच पाहिजे. निर्लज्ज आहे. माणसाला काही जनाची नाही तर मनाची?

"मग कप्तान कोण होतो?" मी शेजारी बसलेल्याला विचारलं. "तू होतोस?"

ज्याला विचारलं त्यानं कपात बघितलं. दुसऱ्यानंही कपात बघितलं. बाहेर कप्तानाच्या धक्क्यावर होड्यांत बर्फ पडत होता, त्याचा आवाज येत होता, आणि आम्ही सगळे मोठे शूर बंबवाले मूग गिळून तो ऐकत बसलो. कप्तानाचा मला राग येतो, पण त्या दिवशी आमची शिसारी आली.

घर बांधायच्या दिवशी सगळं गाव हातोड्या घेऊन जमलं. होय, कामाला आम्ही येतो, फक्त बोलायला येत नाही. कप्तान पूर्ण गणवेशात, पहिली फळी त्याच्या हातात, शेजारी तोच पेपरवाला. गेकवहिनी आली आणि जुन्या जागेवर टाकलेले खांब बघून म्हणाली, "इथं नाही."

"म्हणजे?" कप्तान म्हणाला.

"तिकडं. माझ्या ओट्यावर." तिनं कप्तानाच्या घराच्या पलीकडं हात केला. "ती जागा माझीच आहे ना?"

"आहे की. पण मग ही?"

"ही मी चुआला दिली. त्याला नवी शेड मोठी करायचीय. आणखी तीन चुली मांडतोय."

कप्तानानं फळी खाली ठेवली. "माझ्या भिंतीला लागून?"

"भिंत तुमची पक्की आहे. सगळ्या गावानं बघितलंय."

"वहिनी, असं करू नका. उद्या परत पेटलं तर?"

"तर शेजारचं सोडायचं आणि पुढचं पाडायचं," गेकवहिनी शांतपणे म्हणाली. "पुढचं माझं. खुशाल पाडा, मला सवय झालीय. गाव परत बांधून देईल."

"आणि माझं?"

ती किम स्वीकडं वळली. "किम स्वी," ती म्हणाली, "खांब कुठं रोवायचे ते तू उभा राहून सांग. तुझ्या हातानं नको, तोंडानं सांग." आणि किम स्वी पलीकडं जाऊन उभा राहिला, त्याच्यामागं आम्ही सगळे खांब उचलून निघालो. पेपरवाल्यानं विचारलं फोटो कुणाचा काढू, तोवर आम्ही पुढं गेलो होतो.

कप्तानानं हातपाय मारले, नाही असं नाही. चुआकडं गेला, बर्फ बंद करीन म्हणाला. चुआ म्हणाला, "कोळंबीचे सोडे उकडून उन्हात वाळवतात, कप्तान. त्यांना बर्फ लागत नाही." गावात त्याच्या बर्फावाचून ज्याचं अडत नाही असा हा एकच माणूस, आणि गेकवहिनीनं जागा नेमकी त्यालाच दिली होती. पंचांकडं गेला, तर पंच म्हणाले जागा तिची, चूल त्याची, आम्ही काय करणार.

आता तीन चुली त्याच्या भिंतीपासून हातभर अंतरावर पेटतात. कप्तान रोज संध्याकाळी तिथं येतो. गणवेश नाही, शिट्टी नाही, अर्धी चड्डी आणि बादली. उपड्या टोपलीवर बसतो आणि शेवटचा निखारा मरेपर्यंत डोळ्यांत तेल घालून बघतो. राखेत बोटं घालून ऊब तपासतो, लाकडं स्वतः उचलून लांब रचतो. भरती कधी आहे ते मला रोज विचारतो. पंप कसा चालू करतात, हे तो इतक्या वर्षांनी माझ्याकडून शिकला, आणि खोटं कशाला बोलू, बरा शिकला. या किनाऱ्यावर एवढी राखलेली चूल दुसरी नसेल. सरकारी साहेब तपासणीला आले, त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मी तोंड दुसरीकडं फिरवलं.

परवा गेकवहिनी वाटणाची बरणी घेऊन पुलावरून चालली होती. तिला बघून कप्तान टोपलीवरून अर्धा उठला.

"वहिनी, झालं ते झालं. चुआला एवढं सांगा ना, एक तरी चूल पलीकडं हलव म्हणावं. तुमचं ऐकेल तो."

ती थांबली. त्याच्या खांद्यावरून तिनं आत बघितलं.

"ती मधली अजून धुमसतेय," ती म्हणाली.

कप्तान बादली घेऊन आत पळाला.