शिट्टीवरचा दगड

हिंगोलीजवळच्या आमच्या कारखान्यात हळद शिजवायचे वाफेचे कुकर बनतात. मी तिथं वेल्डर आहे. आखाडा बाळापूरचा प्रेमानंद कुकरसोबत द्यायची माहितीपुस्तिका लिहायचा. खुर्चीत बसून त्यानं ती कधीच लिहिली नाही. हळदीच्या दिवसांत तो शेतोशेत फिरायचा, कामाला असलेल्या बायांशेजारी उभा राहून लोक कुठं चुकतात ते बघायचा. शिट्टी वाजली की वाफ वाया चालली असं समजून लोक शिट्टीवर दगड ठेवतात, हे त्यानंच पाहिलं. पहिल्याच पानावर त्यानं ठळक लिहिलं : 'शिट्टीवर दगड ठेवू नका. कुकर फुटतो, माणूस भाजतं.'

मालकाचा मुलगा योगेश पुण्याहून शिकून आला आणि हे वाचून त्यानं नाक मुरडलं. त्याला ते गावंढळ वाटलं. पुस्तिका आता कॉम्प्युटरवर एआय लिहिणार, प्रेमानंदनं फक्त तपासायची. "ही बढतीच समजा," असंही त्यानं वर ऐकवलं. माणसाचं काम काढून घ्यायचं आणि त्यालाच पेढे मागायचे, असली ही मालक लोकांची जात!

नव्या पुस्तिकेत आलं, 'सुरक्षा झडपेच्या कार्यात अडथळा आणू नये.'

"साहेब, झडप म्हंजी शिट्टी, हे कुणाला कळणार न्हाई," प्रेमानंद म्हणाला. "दगडाचं लिहा."

"तुम्ही शुद्धलेखन बघा."

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. प्रेमानंदनं सही केली. घरी दोन लेकरं शिकतात, नोकरी जाईल म्हणून केली, हे मला माहीत आहे. तरी मला त्याचाही राग येतो.

मार्चमध्ये डोंगरकडा गावात एका कुकरचं झाकण उडालं. शिट्टीवर दगड होता. शेजारी उभ्या पंचफुलाबाईचे दोन्ही हात आणि मान भाजली. योगेशनं तिच्या घरच्यांना फोनवर सांगून टाकलं, सूचना छापलेली आहे, आमचा संबंध नाही.

चौथ्या दिवशी तिचा नवरा लिंबाजी पुस्तिका घेऊन गेटवर आला. योगेश केबिनमधून हललासुद्धा नाही. नालायक! लिंबाजीनं प्रेमानंदलाच बोलावून घेतलं आणि शेवटचं पान पुढं धरलं. इतक्या वर्षांत कंपनीनं प्रेमानंदचं नाव कुठं छापलं नव्हतं. आता छापलं होतं. 'तपासणारे : प्रेमानंद.'

"तुमीच का हे?"

"व्हय."

"मंग दगडाचं काहून न्हाई लिहिलं, भाऊ? तुमाला ठाव नव्हतं का?"

मला वाटलं, तो योगेशच्या केबिनकडं बोट दाखवेल.

"ठाव व्हतं," प्रेमानंद म्हणाला.