मावशीचं 'जरासं'

नेकनूरजवळच्या आमच्या गावात आरोग्य शिबिर होतं. मावशीला मीच ओढत नेलं, कारण ऊसतोडीची गाडी दुपारी आष्टीमार्गे निघणार होती आणि तिच्या पोटात चार दिवसांपासून काहीतरी पेटलं होतं. डॉक्टरनं थांबवलं तरच आगाऊ उचल दिलेला मुकादम तिला घरी राहू देणार होता.

टेबलावर कॉम्प्युटर. तरुण डॉक्टर कौतुकानं म्हणाले, "हे 'फझी लॉजिक' आहे. नुसतं हो-नाही विचारत नाही. थोडं, मध्यम, खूप, असे अंश धरतं आणि धोका किती ते सांगतं. माणसासारखं."

मला पटलं. दुखणं कुठं हो-नाहीत मावतं?

नर्सनं विचारलं, "मावशी, किती दुखतंय?"

"जरासं हाय."

"ताप?"

"कणकण हाय जराशी."

मी उसळलो. "सकाळी तोंडात पदर कोंबून बसली होतीस, ते जरासं?"

"तू गप रे, भाषण नको ठोकू. लई म्हणायला मी काय आडवी पडलेय का? चालत आले की."

आमच्याकडं तोडीला जाणाऱ्या बायकांची मोजणी ही अशी. पाय उचलतोय तोवर सगळं जरासंच. ही मोजणी त्या मशीनला कुणी शिकवली होती? अंश ठरवताना एका तरी कोयतेवालीला विचारलं होतं का?

"ताई, 'खूप' टाका," मी म्हणालो.

"पेशंट सांगेल तेच टाकणार. तुझं पोट दुखतंय का?"

रांग हसली. मावशीपण हसली, आणि हसताना वाकली. डॉक्टर तेव्हा पडद्याकडं बघत होते.

"धोका कमी," ते म्हणाले. "गोळ्या देतो. वाढलं तर या."

"साहेब, एकदा पोटाला हात तर लावून बघा!"

"मागं किती लोक आहेत बघ."

मुकादम दारातच उभा होता. "काय म्हनलं मशीन?"

"कमी," मावशी म्हणाली.

"मग बसा." त्यानं मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतला. कुणी त्याला अडवलं नाही. मी गाडीपुढं आडवा गेलो तेव्हा त्यानं तोच फोटो माझ्या नाकासमोर धरला. "कॉम्प्युटरपेक्षा शाना हाय का बे तू?"

आजवर त्याला नुसता दम द्यावा लागायचा. आता त्याच्या हातात दाखला होता.

परवा दुपारी मी मावशीला फोन लावला. मुकादमानं उचलला.

"झोपलीय," तो म्हणाला.

"भरदुपारी? तोड चालू असताना?"

मागं बायकांचा गलका ऐकू येत होता, "डोळं उघडंना, पाणी मारा तोंडावर!" त्यानं फोन कापला.