अदृश्य व्हायचा मंत्र

सत्त्याऐंशी साली कांदिवलीला आमच्या सोसायटीच्या पुढच्या जिन्यात आम्ही कॉलेजच्या चौघी एक खेळ खेळायचो. मामाने अमेरिकेहून पाठवलेलं नियमांचं पुस्तक, फासे, बाकी सगळी कल्पना. प्रत्येकीने एकेक पात्र व्हायचं; मी जादूगार, माझे मंत्र वहीत लिहिलेले. माझा लाडका मंत्र अदृश्य व्हायचा. आगीचा गोळा फेकायच्या मंत्रापेक्षा भारी; कुठल्याही पहारेकऱ्यासमोरून बिनधास्त निघून जायचं!

मनोरीहून रोज येणारी कोळीण टोपली उतरवून आमच्याजवळ दम खायची. तिचं नाव मी कधी विचारलंच नाही. त्या आठवड्यात सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींचा हुकूम लागला: मासेवाल्यांनी मागच्या जिन्याने, आवाज न करता यावं.

"मावशी, तुम्हाला माझा मंत्र हवा," मी म्हटलं. "कुणाला दिसणारच नाही."

तिने पदर कमरेला घट्ट खोचला. "दिसायचं नाय? का? मी काय चोरी करते? आता माझा मंत्र ऐक, बाय."

टोपली डोक्यावर घेऊन ती पुढचाच जिना चढली आणि सेक्रेटरींच्या दारासमोर उभी राहून ओरडली, "पापलेट घ्याऽऽ, बोंबील घ्याऽऽ!"

चारही मजल्यांची दारं उघडली. सगळ्यात आधी सेक्रेटरींचं, आणि त्यांच्या बायकोच्या हातात ताट होतं.

मी वहीतला माझा भित्रा मंत्र तिथल्या तिथे खोडला.