खुंटीवरची पिशवी

सावलीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती जिथे जिथे कामाला गेली तिथल्या लोकांनी ते ठेवलं, आणि आधी चिडून, मग हसून तिने ते पदरात घेतलं. काम होतंच तसं. ज्यांना गोष्टी समजायला वेळ लागतो आणि बोलायला त्याहून जास्त, अशा माणसांना एक संस्था नोकऱ्या मिळवून द्यायची आणि सुरुवातीला त्यांच्या सोबतीला हिला पाठवायची. आधी शेजारी उभं राहायचं, मग पाठीमागे, मग दारात, मग दाराबाहेर. आणि एक दिवस दिसेनासं व्हायचं. बाकी सगळं जग आपली जागा पक्की करायला धडपडतं. हिची कर्तबगारी कशात, तर आपली गरज संपवण्यात. जमलं तर तिची आठवणही कोणाला राहत नसे. नाही जमलं की मात्र सगळ्यांच्या तोंडी तिचंच नाव.

आज तसा दिसेनासं व्हायचा दिवस होता.

इस्पितळाच्या धुलाईघरात ती ज्याच्यासोबत येत होती त्याला सगळे साहेब म्हणत. तिशीचा, अंगाने भरलेला, चेहऱ्याने लहान मुलासारखा गोल माणूस. सकाळी आला की यंत्रावरच्या माणसापासून झाडूवाल्या काकांपर्यंत प्रत्येकाशी हात मिळवायचा, तोही पाहणीला आलेल्या बड्या अधिकाऱ्याच्या रुबाबात. म्हणून साहेब. काम सोपं नव्हतं. इस्त्रीच्या मोठ्या रुळातून गरम चादर बाहेर आली की दोन टोकं पकडायची, घडी घालायची, डागाळलेली बाजूला टाकायची, चांगली ट्रॉलीत रचायची. शिकायला त्याला इतरांपेक्षा पुष्कळ वेळ लागला, पण एकदा हाताला बसलं ते बसलं.

तरी सुपरवायझरचं मन धास्तावलेलंच होतं. वाईट माणूस नव्हता, पण गरम रूळ, वाफ, वॉर्डातून सारखे येणारे निरोप, यात आणखी एक काळजी त्याला नको होती. त्याने कालच स्पष्ट सांगितलं होतं. एका कामाला दोन माणसं उभी करता येणार नाहीत. उद्याचा दिवस साहेबाने एकट्याने काढला तर तो इथला, नाही निघाला तर संस्थेने त्याच्यासाठी दुसरीकडे बघावं. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते सावलीबाईला चांगलं ठाऊक होतं. दुसरीकडे म्हणजे परत घर, आईच्या नजरेसमोरची खुर्ची आणि दिवसभर चालू टीव्ही.

ती खुर्ची तिने आपल्याच घरी पाहिली होती. तिचा थोरला भाऊ असाच होता. घरात त्याच्यावर सगळ्यांचा जीव. आई घास भरवायची, बाबा बूट घालायचे, ही त्याचे केस विंचरायची. दादाला कशाची म्हणून उणीव नव्हती. फक्त संध्याकाळी सगळे घरी आले की प्रत्येकाजवळ काहीतरी सांगण्यासारखं असायचं आणि दादाजवळ नसायचं. त्याच्या दिवसात घरच्यांना माहीत नाही असं काही घडतच नव्हतं. तो सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायचा आणि मध्येच, कोणी विचारलेलं नसताना, जेवलो, म्हणायचा. दादा जाऊन वर्षं झाली, तरी ते जेवलो तिच्या कानातून गेलं नव्हतं.

म्हणून आज तिने सकाळी साहेबाला कामाला लावलं, सगळं सांगून झालं, खुंटीवरची आपली मोठी निळी पिशवी खांद्याला अडकवली आणि मागे न बघता बाहेर पडली. तसं घाबरायचं कारण नव्हतं. गेल्या आठवड्यात ती रोज थोडा थोडा वेळ गुपचूप बाहेर काढत होती, आणि साहेब मान वर न करता काम करत होता. तयार आहे, असा निरोपही तिने संस्थेला दिला होता.

पण मन चिंती ते वैरी न चिंती. घरी जायचं ठरवून निघालेली बाई फाटकापाशी पहारेकऱ्याच्या बाकावर टेकली ती टेकलीच. तिथून अंगणापलीकडे धुलाईघराचं मोठं दार दिसत होतं. भरलेल्या ट्रॉल्या त्याच दारातून वॉर्डांकडे जात. रूळ गरम असताना त्याने हात पुढे केला तर? कोणी ओरडलं आणि तो कोपऱ्यात जाऊन बसला तर? जेवणाच्या सुट्टीत त्याला कोणी बोलावलंच नाही तर? पहारेकरी आपल्या गुडघेदुखीची साद्यंत हकीकत सांगत होता, ती हं हं करत होती आणि डोळे दारावर होते.

एक ट्रॉली बाहेर आली. मग बराच वेळ दुसरी आलीच नाही.

थोड्या वेळाने दारात साहेब दिसला. उन्हात डोळे बारीक करून तो इकडेतिकडे बघू लागला. आपण दिसलो तर सगळंच मुसळ केरात, म्हणून ती उठली आणि तिथेच लावलेल्या रुग्णवाहिकेच्या आड वाकली. पन्नाशीची बाई लपाछपी खेळतेय हे बघून पहारेकऱ्याला गुडघ्याचा विसर पडला. कोणाचं देणं चुकवताय का, असं त्याने विचारलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. ती पुन्हा बघते तो दार रिकामं होतं, आणि ट्रॉलीचा पत्ता नव्हता.

मग सुपरवायझरच बाहेर आला आणि त्याने रुग्णवाहिकेच्या दिशेने हाताने बोलावलं. तिचं लपणं किती साधलं होतं ते त्यावरून कळलं.

ती अंगण ओलांडून त्याच्यापाशी गेली. सुपरवायझर रागावलेला नव्हता, हे तर आणखी वाईट. तो थकलेल्या आवाजात सांगत होता की पोराची चूक नाही, पण तो भिंतीशी उभा आहे, कशाला हात लावत नाही, कोणाचं ऐकत नाही, चादरी रुळाखाली पडून ढीग झालाय. तुम्ही असलात की करतो, नसलात की नाही. मी काय करू, तुम्हीच सांगा.

आत वाफेचा आणि साबणाचा ओळखीचा वास होता. साहेब खुंट्यांच्या रांगेपाशी उभा होता. त्याने अंगातला ॲप्रन काढला होता, चादरीसारखी त्याची नीट घडी घातली होती आणि ती छातीशी धरली होती. तिला बघितल्यावर त्याचा चेहरा उजळला नाही. उलट थोडा रुसलेला दिसला.

"ताई, सुट्टी लवकर झाली," तो म्हणाला. "तू थांबली नाहीस."

ते ऐकलं आणि तिला सगळं कळलं. तोंडात मारल्यासारखं झालं. रोज दिवस संपला की ती खुंटीवरची पिशवी काढायची, तो ॲप्रन काढून घडी घालायचा आणि दोघं निघायची. गेल्या आठवड्यात ती गुपचूप बाहेर जायची तेव्हा पिशवी खुंटीवरच राहत होती. तो तिच्याविना काम करत नव्हताच मुळी. तो पिशवी बघून काम करत होता. पिशवी आहे म्हणजे काम चालू, पिशवी गेली म्हणजे सुट्टी. आज तिने पिशवी उचलली आणि साहेबाने शिकवल्याबरहुकूम, मिनिटभरही न चुकता, काम बंद केलं. सगळ्या धुलाईघरात नेमाने वागलेला तो एकटाच होता.

तिचा हात आपसूक खांद्यावर गेला. सोपं होतं. पिशवी परत खुंटीला लावायची, काहीतरी कारण सांगायचं आणि रिकाम्या हाताने निघून जायचं. साहेब लगेच कामाला लागला असता. सुपरवायझरला समजलंही नसतं. आज नोकरी वाचली असती, उद्याचं उद्या. तिने पिशवीचा पट्टा खांद्यावरून काढला, खुंटीपर्यंत नेला. खरं सांगायचं तर तिला तेव्हा दुसरं काहीच सुचत नव्हतं, ती इतकी घाबरली होती.

"पुन्हा टांगताय होय?" रुळापलीकडून इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या.

या मावशी पहिल्या दिवशी, हे पाळणाघर आहे का, असं सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. त्यानंतर त्या साहेबाशी रोज हात मिळवत होत्या, पण तोंडावरची रेषही हलू न देता. आता त्यांनी रूळ थांबवला, हात पुसले आणि जवळ आल्या.

"त्यात काय आहे ते दाखवा बघू."

सावलीबाईने पिशवी उघडली. आत साहेबाचा डबा होता. साहेबाची पाण्याची बाटली, त्याचा हात पुसायचा रुमाल, कंगवा. सवयीने ती त्याचं जेवणसुद्धा घेऊन बाहेर जाऊन बसली होती, आणि इतका वेळ फाटकापाशी तो डबा तिच्या मांडीवर होता.

"माझं सामान माझ्या खुंटीला," मावशी म्हणाल्या. "झाडूवाल्यांचं त्यांच्या. ह्याचंच तेवढं तुमच्या पिशवीत. मग हा इथला कधी होणार?"

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते वर्मी लागलं. घास भरवणारी आई, बूट घालणारे बाबा आणि केस विंचरणारी ती, सगळे क्षणभर तिच्यासमोर उभे राहिले.

मावशींनी फाटक्या कपड्यांच्या टोपलीतून एक उसवलेला अभ्रा काढला, त्याच्या तोंडाशी नाडी ओवली आणि साहेबासमोर धरला. साहेबाने ॲप्रन बगलेत मारला आणि निळ्या पिशवीतून आपल्या वस्तू एकेक काढून अभ्र्यात भरल्या. डबा सगळ्यात खाली गेला, मग त्याला ते पटलं नाही, म्हणून सगळं काढून पुन्हा भरलं. कोणी मदत केली नाही. सावलीबाईचे हात शिवशिवत होते; तिने ते पाठीमागे धरून ठेवले. शेवटी त्याने अभ्रा खुंटीला लावला आणि दोन पावलं मागे सरकून बघितला.

"ही तुझी पिशवी. ही इथे असली म्हणजे काम," मावशींनी त्याला सांगितलं. "आम्ही सगळे आमच्या पिशव्या काढू, तेव्हा तूही काढायची."

साहेबाने मान डोलावली, ॲप्रनची घडी मोडली आणि अंगात घातला. मग तो सावलीबाईकडे वळला. रोज ती त्याच्याच सोबत यायची, त्यामुळे तिच्याशी हात मिळवायची वेळ कधी आलीच नव्हती. आज त्याने हात पुढे केला. पाहुण्यांना निरोप देतात तसा तिचा हात गदागदा हलवला आणि रुळाकडे गेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट वाटलं, अगदी खरंच वाईट वाटलं.

ती दारात पोचेपर्यंत मागून ट्रॉलीची चाकं करकरली. सुपरवायझरने एकदा तिकडे बघितलं. मग, उद्या वेळेवर पाठवा, म्हणाला. आणि एकट्याला.

बाहेर आल्यावर पिशवी इतकी हलकी लागत होती की काहीतरी विसरल्यासारखं वाटून तिने दोनदा आत हात घालून पाहिला. भीती गेली नव्हती. रूळ अजून गरमच होता, आणि सगळी दुपार जायची होती. फाटकाबाहेर ती घुटमळत राहिली, आणि जेवणाची वेळ टळत आली तेव्हा फोन वाजला. साहेबाची आई. जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन रोज यायचा, आणि प्रश्नही रोजचाच, जेवला का तो? रोज ती सांगायची, जेवला, भाजी सगळी खाल्ली, पाणी प्यायला.

आजही त्यांनी तेच विचारलं. तिची पावलं थांबली. मागे वळून, दारातून डोकावून, बघून सांगता आलं असतं.

"मला माहीत नाही, काकू," ती म्हणाली. "मी तिथे नाहीये."

ती पुन्हा पुढे चालू लागली.

"संध्याकाळी तो घरी आला की त्यालाच विचारा," सावलीबाई म्हणाली. "तो सांगेल तुम्हाला."